बाबांची ट्वीडची टोपी धुवायची कशी?

प्रश्न: माझे बाबा (वय ७४) ऑक्टोबरपासून आमच्याकडे लीड्सला आहेत. मागच्या खेपेला आले होते तेव्हा आम्ही सगळे स्कॉटलंडला गेलो होतो आणि स्टॉर्नोवेला त्यांच्यासाठी हॅरिस ट्वीडची, म्हणजे तिथल्या जाड लोकरी कापडाची, टोपी घेतली. ती त्यांना इतकी आवडली की टोपीशिवाय ते घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. रोज रात्री डोक्याला खोबरेल तेल आणि सकाळी त्यावर टोपी, असा त्यांचा क्रम आहे. आता टोपीला वास यायला लागलाय. दाराजवळच्या खुंटीवरून काढली की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळतं. मशीनमध्ये टाकते म्हटलं तर बाबा म्हणतात, ‘तिचं पोतेरं करशील.’ नवरा म्हणतो ड्रायक्लीनला देऊन टाक. एप्रिलमध्ये बाबा साताऱ्याला परत जाणार, टोपीही नेणार. तिथला पावसाळा आठवला की मला आत्ताच धास्ती वाटते. काय करू?
– एक वाचक, लीड्स

उत्तर: बाबांचं ऐका. मशीनमध्ये ही टोपी टाकू नका, लोकरीच्या सायकलवरसुद्धा नाही. त्यांची भीती अगदी खरी आहे, आणि तिचं कारण तुमच्या गावातच पाहायला मिळेल. लीड्सची आर्मली मिल्स ही एके काळी जगातली सर्वांत मोठी लोकरी गिरणी म्हणून ओळखली जायची. आज तिथे औद्योगिक संग्रहालय आहे. अशा गिरण्यांमध्ये विणून आलेलं लोकरी कापड ओलं करायचे आणि पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या जड लाकडी हातोड्यांनी तासन्‌तास कुटायचे. लोकरीच्या केसावर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. ओल, ऊब आणि आपटणं एकत्र आलं की हे खवले एकमेकांत अडकतात, कापड आटतं, दाट होतं. एकदा आटलेलं पुन्हा सैल होत नाही. गिरणीवाल्यांना तेच हवं असायचं. कपडे धुण्याच्या मशीनमध्येही ओल, ऊब आणि आपटणं, तिन्ही आहेत. स्वेटर एक वेळ निभावून जाईल, कारण तो सगळा एकाच जातीच्या धाग्याचा. टोपीत मात्र ट्वीडला अस्तर शिवलंय, कपाळाला टेकणारी आतली पट्टी शिवलीय, पुढचा कडक भाग आहे. ट्वीड जरासं जरी आटलं आणि अस्तर तसंच राहिलं, तर शिवणी ओढल्या जातात आणि टोपी डोक्यावर नीट बसेनाशी होते.

टोपीच्या आत गोल आणि त्याच्यावर क्रॉस अशी खूण असलेली चिठ्ठी शिवलेली असेल, तर ते कापड खरं हॅरिस ट्वीड. १९९३ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे हे नाव त्याच कापडाला लावता येतं, जे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर, तिथल्याच विणकरांनी आपल्या घरी हातानं विणलेलं असतं, आणि ज्याची लोकरही तिथेच रंगवून, कातून झालेली असते. म्हणजे वरचं कापड शुद्ध नवी लोकर आहे याची खात्री ती चिठ्ठी देते. पण ती बोलते फक्त कापडाबद्दल. अस्तर कशाचं, आतली पट्टी कातड्याची की सुती, पुढच्या भागात काय भरलंय, हे ती सांगत नाही. आणि तुमचा सगळा प्रश्न नेमका तिथेच आहे.

आता टोपी हातात घ्या. आधी बाहेरून माथ्यावर नाक लावून बघा, मग उलटी करून आतल्या पट्टीला, कपाळाच्या बाजूला, आणि शेवटी अस्तराच्या मधोमध. बाहेरच्या ट्वीडला फारसा वास येणार नाही असं मी पत्रावरूनच सांगते. वास पट्टीत असणार. तो कसला आहे तेही ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट असेल तर ते तेल. आंबूस असेल तर घाम. कुबट असेल तर टोपी ओली राहिली आहे आणि बुरशीची सुरुवात झाली आहे. तुमच्या बाबतीत पहिला वास नक्की असणार, दुसरा थोडाफार.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. साताऱ्यात वर्षातले बरेच महिने ते पातळ असतं. लीड्सच्या थंडीत दाराजवळच्या खुंटीवर टोपी रात्रभर राहिली की पट्टीत मुरलेलं तेल मेणासारखं घट्ट होतं. सकाळी डोक्याच्या उबेनं ते वितळतं, आणखी आत जातं, त्यात नवं तेल आणि घाम मिसळतो. पुन्हा रात्री थिजतं. असं महिनोन्‌महिने चाललं की जुनं तेल खवट होतं. वरून अत्तर किंवा डिओडरंट मारून हा वास जात नाही. दोन वास एकमेकांत मिसळून तिसराच तयार होतो. तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

आधी तेल काढायचं, पाणी नंतर. तेल असताना ओलं केलं तर ते पसरतं. बहुतेक टोप्यांची आतली पट्टी बाहेरच्या बाजूला दुमडता येते. तशी ती दुमडा, ट्वीडवर जुनं फडकं पसरून ते झाका आणि पट्टीवर कोरडी मुलतानी माती बारीक चाळून भुरभुरवा. बोटानं हलकेच दाबा, चोळू नका. रात्रभर तशीच ठेवा. सकाळी मऊ ब्रशनं झटका, मग व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडाला पातळ कापड बांधून उरलेली माती ओढून घ्या. एकदा करून भागलं नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा करा. माती नसेल तर मक्याचं पीठ चालेल, पण मातीची सर त्याला नाही. ही आपली फेसपॅकची माती ज्या जातीची आहे, तशाच मातीनं इंग्लंडमधले लोक शतकानुशतकं लोकरीतली चरबी काढत आले. त्यांच्या धंद्यात तिला इतकं मोल होतं की एके काळी ती देशाबाहेर पाठवायला बंदी होती. ट्वीडच्या बाहेरच्या बाजूवर मात्र ती टाकू नका. विणीच्या खाचांत शिरली की पांढुरकी झाक राहून जाते.

तेल निघाल्यावर पट्टी पुसायची. वाडगाभर कोमट पाण्यात लोकर-रेशमासाठीचं सौम्य द्रव, आपल्याकडे ईझी मिळतं तसं, अर्धा चमचा घाला आणि हातानं घुसळून फेस काढा. पांढरं सुती फडकं फक्त त्या फेसात बुडवायचं, घट्ट पिळायचं आणि पट्टीवरून एकाच दिशेनं फिरवायचं. पहिल्या फेरीतच फडक्यावर चहाच्या रंगाचा पट्टा उमटेल. फडक्याची बाजू बदलत राहा आणि पट्टा फिकट होईपर्यंत पुसा. मग साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं, मग कोरडा टॉवेल. आंबूस वास उरला असेल तर एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग पाणी एवढंच घेऊन शेवटचा हात फिरवा. वाळल्यावर व्हिनेगरचा वास राहत नाही. पट्टी कातड्याची असेल तर हे सगळं अगदी कमी ओलाव्यानं करा, व्हिनेगर टाळा, आणि वाळवायची घाई करू नका. कातडं भिजून वाळलं की कडक होऊन तडकतं.

रोजच्या कपड्यांची पावडर यात वापरू नका. तिच्यात दोन गोष्टी लोकरीच्या वाईटावर असतात. एक म्हणजे खार. दुसरी, प्रथिनांचे डाग पचवणारी एन्झाइम. लोकर हे स्वतःच प्रथिन आहे, तेव्हा डागाबरोबर ती कापडही खाते. तिथल्या डब्यावर ‘बायो’ लिहिलेलं असेल तर ते नकोच.

आता माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. साडीला फॉल लावतो तसा टोपीला आतून फॉल लावा. जुन्या मऊ धोतराची किंवा मलमलीची दोन बोटं रुंद दुहेरी पट्टी कापा, टोपीच्या आतल्या घेराएवढी लांब, आणि आतल्या पट्टीवर कच्च्या टाक्यांनी टाचा. टाके पट्टीच्या वरच्या थरातूनच घ्या, ट्वीडपर्यंत सुई जाऊ देऊ नका. तेल, घाम जे काय असेल ते या मलमलीत मुरेल. दर रविवारी उसवायची, गरम पाण्यात साबण लावून धुवायची, दुसरी टाचायची. पाच मिनिटांचं काम आहे. तीन-चार पट्ट्या करून ठेवा. बाबांना तेल सोडायला लावण्याची गरज नाही; या वयात ते सांगूही नये. सकाळी टोपी चढवण्याआधी कोरड्या टॉवेलनं डोकं आणि कपाळ टिपायला सांगितलं तरी पुष्कळ.

बाहेरच्या ट्वीडला पाण्यापेक्षा ब्रशची गरज जास्त. कपड्यांचा मऊ केसांचा ब्रश घ्या आणि टोपी बाहेरून आल्यावर पुढून मागे, एकाच दिशेनं, चार-सहा हात मारा. धूळ बसते ती पुढचा भाग आणि माथा जिथे एकमेकांवर येतात त्या घडीत. तिथे बटण असेल तर ते उघडा आणि आतून झाडा. नसेल तर बोटानं घडी उचलून कोरडा, नवा टूथब्रश फिरवा. चिखल उडाला तर ओला असताना पुसू नका. वाळू द्या, मग तो झटकून निघतो. वरणाचा किंवा चहाचा थेंब पडला तर लगेच टिपा, चोळू नका.

लोकरीची एक गंमत म्हणजे शंभर ग्रॅम लोकर तीसेक ग्रॅम ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही. म्हणून पावसातून आल्यावर टोपी ‘फारशी भिजली नाही’ असं वाटतं आणि आपण ती खुंटीवर अडकवून मोकळे होतो. आत ओल असते, आणि कुबट वास तिथून सुरू होतो. लीड्समध्ये बहुतेक घरांत खोली गरम ठेवणारा रेडिएटर असतो आणि ओली टोपी त्यावर ठेवायचा मोह होतो. ते मात्र करू नका. कातडं तडकतं, पुढचा भाग वाकतो. बाहेर जोरात झटका, टॉवेलनं टिपा, आत कोरडा टॉवेल बोळा करून भरा आणि हवा खेळेल अशा ठिकाणी उपडी न ठेवता उताणी ठेवा. पट्टीला हवा लागली पाहिजे. चोवीस तास तिला विश्रांती मिळाली तर उत्तम. रोज घालतात म्हणून दुसरी एखादी साधी टोपी आणा आणि आलटून-पालटून वापरायला द्या. बाबांना हे पटवणं कठीण जाईल, पण टोपीचं आयुष्य यानं खूप वाढतं.

खुंटीची जागाही बदला. मराठी घरात फोडणी रोज पडते, आणि तिथल्या छोट्या घरांमध्ये स्वयंपाकघर ते दार हे अंतर चार पावलांचं. हिंग, लसूण, तळण, सगळं लोकर धरून ठेवते. सुदैवाने ती वास धरते तसा सोडतेही. दमट हवेत जास्त लवकर सोडते. बाथरूममध्ये गरम पाण्याची आंघोळ झाल्यावर टोपी तिथे पंधरा-वीस मिनिटं टांगा आणि नंतर उघड्या खिडकीशी पूर्ण वाळू द्या. आकार बिघडला असेल तर याच वेळी हातानं सारखा करून घ्या. वाफेनं लोकर मऊ पडते आणि वाळताना दिलेला आकार धरते.

एक वास मात्र काढायला जाऊ नका. ओल्या ट्वीडला मेंढीचा हलका वास येतो, तो लोकरीचा स्वतःचा आहे आणि वाळल्यावर जातो. जुन्या काळच्या हॅरिस ट्वीडला तर लांबूनच ओळखू येईल असा गंध असायचा. बेटांवर चुलीत पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली जळाऊ माती, जळायची त्याचा धूर, आणि खडकांवरून खरवडून आणलेल्या दगडफुलाचा रंग. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याच कुळातलं दगडफूल. त्यापासून तांबूस-तपकिरी रंग काढायचे. बाबांना हे जरूर सांगा, त्यांना आवडेल.

नवऱ्यानं सुचवलेलं ड्रायक्लीनिंग चुकीचं नाही. तिथलं द्रावण तेल फार छान विरघळवतं. घामातले क्षार मात्र पाण्यातच विरघळतात, ते त्यानं जात नाहीत, म्हणून पट्टी पुसण्याचं काम चुकत नाही. मी असं करीन: आत्ता मातीनं आणि फेसानं पट्टी साफ करायची, मलमल लावायची, आणि हंगाम संपताना, म्हणजे बाबा निघायच्या आधी, एकदाच ड्रायक्लीनला द्यायची. मलमल त्याआधी काढून घ्या. दुकानात स्पष्ट सांगा की माथा इस्त्रीनं चपटा करू नका. घरी आणल्यावर प्लॅस्टिकची पिशवी लगेच काढा आणि दोन दिवस खिडकीशी हवेवर ठेवा, म्हणजे द्रावणाचा वास जाईल.

पूर्ण टोपी पाण्यात बुडवणं हा शेवटचा उपाय. तो करायचाच झाला तर आधी पुढच्या भागात काय आहे ते बघा. हलकेच दाबल्यावर लवचीकपणे परत येतो तो प्लॅस्टिकचा. कागदासारखा आवाज करतो किंवा दुमड धरतो तो पुठ्ठ्याचा. जुन्या टोप्यांत पुठ्ठाच असे, आणि पुठ्ठा भिजला की टोपी संपली. प्लॅस्टिक असेल आणि पट्टी कातड्याची नसेल, तर ३० अंशांच्या आतलं पाणी, तेच सौम्य द्रव, पाच-दहा मिनिटं बुडवून नुसतं दाबायचं. पिळायचं नाही, घासायचं नाही. खळबळायचं पाणी त्याच तापमानाचं घ्या. गरमातून एकदम गारात नेऊ नका. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि डोक्याच्या मापाच्या उलट्या पातेल्यावर बसवून सावलीत वाळवा. आपल्या आज्ज्या शाली, पैठण्या रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या, तेही इथे चालतं. रिठ्याच्या पाण्यात साबणाचा खार नसतो. फक्त फिकट रंगाच्या ट्वीडवर आधी आतल्या कोपऱ्यात करून बघा, रिठा किंचित पिवळसर झाक देतो.

आता साताऱ्याचं. प्रवासात टोपी बॅगेत चेपू नका. बाबांच्या डोक्यावरच जाऊ द्या, किंवा माथ्यात मोजे भरून हातातल्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा. एप्रिलमध्ये साताऱ्यात ती घालायची वेळ येणार नाही. नोव्हेंबरच्या पहाटेच्या फिरण्यापर्यंत ती कपाटात राहील. मधले चार महिने पावसाचे. बुरशीला लागते ओल, आणि कसरीला लागते घाण. कसरीची अळी लोकर खातेच, पण घामाचे, तेलाचे, अन्नाचे डाग असलेली जागा ती आधी गाठते. म्हणून न धुता ठेवलेली टोपी पुढच्या थंडीत भोकं पडून निघते.

पोचल्यावर एक दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास उलटी करून ठेवा. भर दुपारच्या उन्हात नको, रंग उडतो. मग माथ्यात जुनी मलमल भरून, सुती पिशवीत घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि वेगळ्या पुरचुंडीत वेखंडाचे तुकडे किंवा पूर्ण वाळवलेला कडुलिंबाचा पाला. वेखंडानं कीड दूर राहते, पण आधीच घातलेली अंडी त्यानं मरत नाहीत, म्हणून ठेवण्याआधीचा ब्रश महत्त्वाचा. विशेषतः त्या घडीत. डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांची वाफ श्वासावाटे घेणं चांगलं नाही, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही, आणि तो वास लोकरीतून निघता निघत नाही. पावसाची उघडीप मिळेल त्या दिवशी डबा उघडायचा, टोपी झटकायची, तासभर हवेवर ठेवायची आणि सिलिकाच्या पुड्या बदलायच्या.

कसर लागल्याची शंका आलीच, म्हणजे बारीक जाळीसारखे धागे किंवा वाळूसारखे कण दिसले, तर टोपी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरेल, टोपीवर नाही. पांढरी बुरशी दिसली तर नाकाला रुमाल बांधून अंगणात झटका, कोवळ्या उन्हात ठेवा, आणि मग पट्टी पुन्हा फेसानं पुसा.

हे सगळं तुम्ही एकटीनं करू नका. बाबा ‘पोतेरं होईल’ म्हणतात यातून त्यांचा त्या टोपीवर किती जीव आहे ते दिसतं, आणि कपडे नीट राखायची सवयही. लेकीनं ‘बाबा, टोपीला वास येतो’ म्हटलं तर माणूस ओशाळतो, मग हट्टाला पेटतो. त्याऐवजी एक चांगला ब्रश आणून त्यांच्या हातात द्या आणि रोजचं झाडणं, रविवारची मलमल त्यांच्याकडेच सोपवा. मुलतानी माती लावायची रात्र दोघांनी मिळून करा, शनिवारी. रविवारी टोपीला सुट्टी, आणि त्या दिवशी त्यांना आर्मली मिल्स दाखवून आणा. डोक्याला मफलर बांधायला सांगा, कॅनॉलच्या काठी वारा असतो.